दोन आकृतींमधली जागा

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी एका लोकनेत्याचा पुतळा उभारावयाचे ठरले, आणि मी त्या काळी शाळेत चित्रकलेचे तास घेत असे एवढ्याच भांडवलावर माझे नाव पुतळा समितीत दाखल करण्यात आले. समितीच्या चार बैठका झाल्या. पहिलीत वर्गणीचा ठराव मंजूर झाला. दुसरीत चौथऱ्याची उंची सात फूट असावी की नऊ यावर इतका खल झाला की सभा तहकूब करावी लागली. तिसरीत नऊ फूट मुक्रर झाले. आणि चौथीत मूर्तिकाराला बोलावून घेऊन, काम आषाढीपूर्वी तडीस गेले पाहिजे अशी ताकीद देण्यात आली. मूर्तिकार म्हातारा होता, गणपती घडवण्यात त्याची हयात गेलेली. त्याने सारे मुकाट्याने ऐकून घेतले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अध्यक्षांना विचारले, "रावसाहेब, ते कुणाकडं बघत्यात तेवढं सांगा, म्हंजे मानेचं ठरवता येईल." अध्यक्ष क्षणभर गोंधळले, मग व्यासपीठावरून बोलावे तसे म्हणाले, "जनतेकडे." म्हाताऱ्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "मग सरळच ठेवू," तो म्हणाला, आणि उठून गेला.

त्या प्रश्नाचे मोल मला त्या दिवशी कळले नाही. उलट, या माणसाला कामाचे गांभीर्य नसावे असेच मला वाटले. पुढे लेणी, देवळे, संग्रहालये आणि चौक यांतून हिंडताना ज्या ज्या मूर्तीपुढे पाय आपोआप थांबले त्या त्या वेळी हाच प्रश्न मनात उभा राहू लागला, आणि हळूहळू ध्यानात आले की माणसाची मान, खांदे, कंबर आणि पावले ही त्याच्या समोर, शेजारी किंवा पाठीशी कोण उभे आहे यावरून ठरत असतात. धन्यापुढे उभा राहिलेला गडी, मुलीला सासरी धाडणारा बाप आणि कर्जाची मुदत वाढवून मागण्यासाठी सावकाराच्या ओसरीवर चढलेला कुणबी यांची शरीरे, अंगावरचे कपडे उतरवून ठेवले तरी, एकमेकांपासून वेगळी ओळखू येतील. कादंबरीकार ज्या नात्याचा उलगडा चारशे पानांत करतो ते नाते शिल्पकाराला दोन खांद्यांच्या कलात आणि त्यांच्या मधल्या वीतभर पोकळीत सांगावे लागते; त्या पोकळीला मी शिल्पाचा निम्मा ऐवज समजतो. जिथे अशी पोकळीच नाही, जिथे एकटा माणूस नऊ फुटांवर चढून 'जनतेकडे' पाहत राहिला आहे, तिथे पुतळा असतो. शिल्प असेलच अशी खात्री देता येत नाही.

माझ्या एका तरुण स्नेह्याने मनुष्याकृती शिल्पांवरचे आपले लेख आणि स्वतः घेतलेली छायाचित्रे एकत्र करून हा ग्रंथ सिद्ध केला आहे, आणि प्रस्तावना मी लिहावी असा त्याचा हट्ट आहे. शिल्पाच्या तंत्रात माझा अधिकार बेताचा. मी आयुष्यभर पाहणाऱ्यांच्या बाजूला उभा राहिलो. पण या ग्रंथातील शिल्पांत जो दुसरा माणूस सर्वत्र गृहीत धरलेला आहे तो बहुधा हा पाहणाराच असल्यामुळे, त्याच्या वतीने चार शब्द लिहिण्यास हरकत नसावी.

ग्रंथाचा आरंभ कार्ल्यापासून झाला आहे, आणि ते मला अगदी रास्त वाटते. कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे जाणारी वर्दळ आज एकवीरेच्या दर्शनासाठी असते. नारळ, ओट्या आणि गुलालाच्या त्या गर्दीतून बाजूला होऊन व्हरांड्यात शिरावे, म्हणजे दर्शनी भिंतीवर, दारांच्या मधल्या जागांत, पूर्ण उंचीची दांपत्ये उभी दिसतात. दोन हजार वर्षांच्या आसपास त्यांचे वय. पुरुषांच्या डोक्याला भरघोस पागोटी, स्त्रियांच्या पायांत जडशीळ तोडे, दोघांचीही अंगे भरलेली. कोणी जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकलेला, कोणी नुसताच अंग सैल सोडून उभा. भिक्षूंच्या प्रार्थनागृहाच्या दारात ही संसारी माणसे काय करीत आहेत, या प्रश्नावर विद्वानांत मतभेद आहेत: कोणी त्यांना शुभसूचक मिथुने म्हणतात, कोणी दात्यांच्या प्रतिमा. मला यांतले दुसरे मत अधिक रुचते, आणि त्याला कारण तिथलेच शिलालेख आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले आहे. धेनुकाकटाच्या एका गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दाराचे दान दिल्याची नोंद आहे. सुताराचे नाव आहे, यवनांची नावे आहेत. राजाच्या खजिन्याइतकाच व्यापाऱ्यांचा गल्ला या डोंगरात ओतला गेला आहे. अशा गृहस्थांना दारापाशी सपत्नीक उभे राहण्याचा मान मिळाला असेल तर तो त्यांच्या हिशेबी स्वभावाला शोभण्यासारखाच होता.

पण माझे लक्ष दर वेळी वेधून घेते ते या जोडप्यांतले अंतर. ही माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत. दोघेही बाहेर, येणाऱ्याकडे पाहतात. तरीही त्यांच्यात दुरावा असा जाणवत नाही, कारण पुष्कळ वर्षे एकत्र राहिलेली माणसे पाहुण्यांच्या स्वागताला दारात जशी उभी राहतात, खांद्याला खांदा लागलेला पण त्याची दखल नसलेली, तशी ही उभी आहेत. पुढे काही शतकांनी याच भिंतीवर उरलेल्या जागेत बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. संसारी दांपत्य, आणि शेजारी संसार सोडलेला तथागत: हा शेजार कोणी योजून घडवलेला नाही, भिंतीवर जागा उरली म्हणून तो घडला, परंतु या देशात गृहस्थ आणि संन्यासी यांचे जे एकमेकांवाचून न चालणारे नाते आहे त्याची इतकी नेमकी प्रतिमा मी अन्यत्र पाहिली नाही.

वेरुळाविषयी स्नेह्याने दोन प्रकरणे लिहिली आहेत. मी एकाच पटापुरते बोलतो. कैलास लेण्याच्या दक्षिण अंगाला, खालच्या पोकळीत, रावण आपल्या अनेक बाहूंनी पर्वत उपटू पाहतो आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि तिचा नायक कोण याविषयीही दुमत नाही; शंकराने पायाचा नुसता भार दिला आणि रावणाचा गर्व जिरला. परंतु राष्ट्रकूटांच्या काळातल्या त्या अनामिक शिल्पीने पर्वताच्या माथ्यावर काय मांडले आहे ते पाहा. पायाखालची जमीन हादरल्याबरोबर पार्वती पतीच्या दंडाला बिलगली आहे, आणि तिची दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. देव निश्चल, देवी घाबरलेली पण आधाराला हात असलेली, आणि दासीला धरायला कोणाचाच हात नाही; तिला तिचे पायच काय ते वाचवतील. पुराणकाराला या दासीची काही मातबरी नव्हती. शिल्पीला होती. भूकंप असो, दुष्काळ असो वा परचक्र, घरातल्या कोणाला बिलगण्याची सोय असते आणि कोणाला नुसते पळावे लागते, एवढी सामाजिक वस्तुस्थिती त्याने भक्तिभावात यत्किंचितही उणेपणा येऊ न देता दगडात नोंदवून ठेवली आहे. घारापुरीच्या शिवपार्वती विवाहपटात नववधूच्या कललेल्या मस्तकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते मी इथे सोडून देतो.

आता एका उणिवेकडे वळतो, आणि स्नेह्याने हा परखडपणा मनावर घेऊ नये अशी विनंती करतो. लेणी आणि मंदिरे यांच्यापाशी थांबून त्याने गावोगावच्या वेशींवर, पारांखाली आणि ओढ्याकाठी पडलेल्या दगडांकडे पाठ फिरवली आहे. वीरगळ त्याने ओझरते उल्लेखिले आहेत. खालच्या चौकटीत पडलेला योद्धा, मधल्या चौकटींत लढाई आणि अप्सरांनी केलेले त्याचे स्वर्गारोहण, सर्वांत वर शिवपूजा, असा त्यांचा क्रम त्याने सांगितला आहे, आणि बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवरची गलबतेही छायाचित्रांत घेतली आहेत. पण त्याच रांगेत उभ्या असलेल्या सतीशिळांचे काय? कोपरात वाकवून वर उचललेला एक हात, उघडा पंजा, मनगटात चुडा, आणि वर चंद्रसूर्य. सतीशिळेवर बहुधा एवढेच असते. वीराला चेहरा आहे, शस्त्र आहे, घोडा आहे, चार मजल्यांचे चरित्र आहे. त्याच्यामागून चितेवर गेलेल्या बाईचे सबंध शरीर वगळून समाजाने तिचा फक्त बांगड्यांचा हात स्मरणात ठेवला, कारण ती कोण होती याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. ती अहेवपणी गेली एवढेच त्याला नोंदवायचे होते. गौरव म्हणून उभारलेल्या दगडाने इतके बोलून जावे हे उभारणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

आणि गधेगाळ. शिलाहार व यादव काळातले हे दगड म्हणजे वस्तुतः सनदा. अमुक जमीन इनाम दिली, अमुक कर माफ केला असा मजकूर, चंद्रसूर्य असेतोवर हे चालावे म्हणून वर ते दोघे साक्षीदार, आणि जो कोणी हे दान मोडील त्याला शाप म्हणून खाली गाढव आणि स्त्री यांचे असे चित्र की ज्याचे वर्णन सभ्य गद्यात करता येत नाही. गुन्हा करणार पुरुष, जमीन बळकावणार पुरुष, आणि त्याची अद्दल घडणार त्याच्या आईला! हा शाप म्हणजे त्या समाजाचे आपल्या स्त्रियांशी असलेले नाते सरकारी मोहोर उमटवून जाहीर करणारा दस्तऐवज आहे. सुंदर शिल्पांच्या ग्रंथात अशा ओंगळ दगडाला जागा नको, असे स्नेह्याचे म्हणणे पडले. मला ते पटलेले नाही. शिल्प समाजावर भाष्य करते असे ज्याला म्हणावयाचे आहे त्याने समाज स्वतःविषयी नकळत जे बोलून गेला तेही ऐकून घेतले पाहिजे.

इंग्रजी अमलात आपल्याकडे शिल्पाचा अर्थच पालटला. १८५७ साली मुंबईत सर जमशेटजींच्या देणगीतून कलाशाळा निघाली, तिथे ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे नमुने समोर ठेवून हात बसवण्याची पद्धत पडली, आणि बाहेर गव्हर्नर, शेठ व न्यायमूर्ती यांचे अर्धपुतळे व पूर्णपुतळे करून घेण्याची चाल पडली. पूर्वी पाथरवट देव घडवी आणि त्याच्या आडून माणसे सांगे. आता तो माणूस घडवू लागला आणि त्याला देव करू लागला. या काळावर ग्रंथात तपशीलवार प्रकरण आहे, त्यामुळे मी एकाच मूर्तीपाशी थांबतो. गणपतराव म्हात्रे या विशीतल्या विद्यार्थ्याने १८९६ साली याच शाळेत 'मंदिरपथगामिनी' घडवली: नऊवारी नेसलेली, हातात पूजेचे साहित्य घेतलेली, देवळाच्या वाटेला लागलेली तरुणी. ज्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये, हिंदुस्थानात ललित कला म्हणून शिल्प आणि चित्र यांचा पत्ता नाही असा निवाडा देऊन ठेवला होता, त्यांनाही या मूर्तीची वाखाणणी करावी लागली, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. ग्रीक नमुन्यांवर गिरवलेले वस्त्रांच्या चुण्यांचे ज्ञान नऊवारीच्या निऱ्यांत असे विरघळून गेले की लुगडे हे जणू मूर्तिकलेसाठीच निर्माण झालेले वस्त्र आहे असे वाटावे.

ही मूर्ती एकटी असूनही मी तिला शिल्पच म्हणतो, कारण जिच्याकडे ती निघाली आहे ती मूर्ती देवळात आहे आणि त्या न दिसणाऱ्या दुसऱ्याने हिच्या पावलांना संथपणा आणला आहे. परंतु या वाटेचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो म्हात्र्यांना ठाऊक नव्हता. तो नंतरच्या काळाने तिच्यावर चढवला. १९३० साली नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, आणि देवळाची वाट ही सर्वांना मोकळी नसते हे ज्यांना ठाऊक असूनही दिसत नव्हते त्यांना ते डोळ्यांपुढे दिसले. त्यानंतर 'मंदिरपथगामिनी'पुढे उभे राहिले की तिच्या निश्चिंत चालीत तिला कोणी अडवणार नाही याची खात्रीही दिसू लागते. तिच्या पावलांना धूळ नाही. ही काही मूर्तीची चूक नव्हे; प्लास्टर तेच राहिले, पाहणारे बदलले. पुढे देवीप्रसाद रायचौधुरी यांनी त्रावणकोरच्या १९३६ च्या मंदिरप्रवेशाच्या घोषणेवरच शिल्प केले. ही दोन कामे एका दालनात समोरासमोर ठेवलेली पाहावीत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

म्हात्र्यांच्या मागून विनायकराव करमरकर आले. अलिबागेजवळच्या सासवने गावचे, गणपती करणाऱ्यांच्या घरातले. ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरच्या नजरेस या मुलाचे भिंतीवरचे चित्र पडले आणि त्याने त्याला मुंबईच्या कलाशाळेत पाठवण्याची तजवीज केली. पुण्याचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा त्यांचा, १९२८ सालचा, आणि त्याच्या भव्यतेविषयी मी नव्याने काय सांगणार? परंतु करमरकरांची खरी ओळख मला सासवन्यास पटली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरून, एस.टी.ने मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा करमरकर हयात नव्हते. घराचे संग्रहालय झालेले होते. पुतळ्यांनी त्यांना पैसा आणि कीर्ती दिली. इथे मात्र वर्गणी नव्हती, समिती नव्हती, आणि म्हणून इथली माणसे चौथऱ्यावरून खाली उतरलेली होती. शंख फुंकणारा, कोळ्याची पोर, गावातली ओळखीची तोंडे, आणि अंगणात सिमेंटची म्हैस. मी त्या म्हशीसमोर वही काढून काहीतरी विद्वत्ताप्रचुर टिपून घेत असता डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आवारात आली, मागे पाण्याच्या नळाकडे गेली, आणि परतताना म्हशीच्या पाठीवर चालता चालता थाप मारून निघून गेली. तिने वर पाहिलेसुद्धा नाही. एवढी थाप आपल्या वाट्यास यावी म्हणून मोठमोठे पुतळे आयुष्यभर उन्हात ताटकळतात.

परदेशातील शिल्पांना स्नेह्याने एकच प्रकरण दिले आहे, आणि त्याची दोन्ही उदाहरणे मला मनापासून आवडली. पहिले कॅलेचे, ज्यात आमच्या पुतळा समितीचे सख्खे भाऊबंद भेटतात. १३४७ साली इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने जवळजवळ वर्षभर वेढा देऊन फ्रान्समधील हे बंदर जेरीस आणले, आणि सहा प्रतिष्ठित नागरिकांनी गळ्यात दोर अडकवून, किल्ल्या हातात घेऊन आपल्या स्वाधीन व्हावे या अटीवर बाकीच्यांना अभय देऊ केले. राणीने रदबदली केल्यामुळे त्यांचे प्राण वाचले, पण निघतेवेळी हे त्यांना ठाऊक नव्हते. पाच शतकांनंतर नगरपालिकेला स्मारक हवे होते ते त्यांच्यातल्या अग्रणीचे, एकट्याचे. शिल्पकार रोदँने त्याच मोबदल्यात सहाही देऊ केले. नमुना पाहून समिती नाराज झाली. वीर इतके खचलेले का? आणि खरोखर, ते सहाजण एका ठिकाणी उभे असूनही एकमेकांकडे पाहत नाहीत. एकाने डोके दोन्ही हातांत धरले आहे, एक मागे वळला आहे, एकाने जबडा आवळून किल्ली धरली आहे. मरणाच्या वाटेवर संगत असते पण सोबत नसते, हे त्या सहांच्या मधल्या पोकळ्या सांगतात. रोदँला ती माणसे जमिनीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खांद्याला खांदा लागेल अशी उभी करायची होती. १८९५ साली अनावरण झाले तेव्हा समितीने ती उंच चौथऱ्यावर चढवली. खाली यायला त्यांना १९२४ पर्यंत वाट पाहावी लागली. चौथऱ्याचा सोस हा काही आमच्याच तालुक्याचा विशेष नाही, हे वाचून मला थोडे समाधान वाटले, हे कबूल करतो.

दुसरे उदाहरण केटे कोल्विट्झ या जर्मन बाईंचे. त्यांचा धाकटा मुलगा पेटर पहिल्या महायुद्धात अठराव्या वर्षी, १९१४ च्या ऑक्टोबरात, फ्लँडर्समध्ये पडला. त्याच्यासाठी शिल्प करावयाचे त्यांनी लगोलग मनात घेतले, आणि ते बेल्जियममधील स्मशानभूमीत उभे राहिले १९३२ साली. आरंभीच्या कल्पनेत मुलाचा देह होता; पुढे त्यांनी तो काढून टाकला, आणि उरले फक्त आईबाप, गुडघ्यांवर बसलेले. ते एका दगडात नाहीत. दोन वेगळ्या चौथऱ्यांवर, मध्ये अंतर ठेवून ते बसले आहेत: बाप ताठ, दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून घेतलेला, आई पुढे झुकून पार वाकलेली. कार्ल्याच्या दांपत्याचे खांदे लागलेले होते आणि इथे हातभर जागा मोकळी आहे, पण ती मोकळी म्हणावी तरी कशी? त्या जागेत कोण होते हे समोरच्या थडग्यावरच्या नावांत लिहिलेले आहे. शोकाने माणसे जवळ येतात असे आपण सांत्वनपत्रांत लिहितो. ज्या घरातला मुलगा गेलेला असतो तिथे चार दिवस राहून आलेल्या माणसाला ठाऊक असते की नवराबायको एकाच खोलीत बसून आपापले दुःख वेगवेगळे सांभाळत असतात. बाईंनी हे लपवले नाही, आणि ते चेहरे आपले व नवऱ्याचे ठेवले.

आता ज्या शिल्पासाठी हा ग्रंथ लिहिला गेला असा माझा संशय आहे त्याकडे येतो. १९३८ साली शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी 'संथाळ कुटुंब' उभे केले. बांकुड्याच्या गरीब घरातला हा मुलगा. त्याला ब्राँझचे ओतकाम परवडणारे नव्हते, संगमरवर तर नाहीच. त्याने लोखंडी सळयांचा सांगाडा उभारला, तिथल्याच माळावरची तांबडी खडी सिमेंटमध्ये कालवली आणि गवंडी गिलाव्याचा माल मारतो तसा तो लगदा मुठीमुठीने सांगाड्यावर मारला. ही खडी आपल्या जांभ्याचीच. कोकणातल्या ज्या वाचकाचे बालपण चिऱ्यांच्या घरात गेले आहे त्याला या शिल्पाचा खरखरीतपणा सांगावा लागणार नाही. पाठ टेकताच सदरा विसकटणाऱ्या भिंतीचा तो पोत आहे. पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे, कावडीत मूल आहे. शेजारी बाई चालते आहे. बरोबर कुत्रा आहे. बिऱ्हाड निघाले आहे. कोठून, कोठे, हे सांगितलेले नाही. कामासाठी मुलूख बदलणाऱ्या माणसांना तो प्रश्न कोणी विचारत नाही.

कावड म्हटली की आपल्याला श्रावणबाळ आठवतो. तिथे मुलाने आईबापांना वाहिले, इथे बाप मुलाला वाहतो आहे. तिथे यात्रा होती, इथे पोट आहे. हे साम्य रामकिंकरांच्या मनात होते असे मला म्हणावयाचे नाही, पण मराठी मनाला ते सुचल्यावाचून राहत नाही. पाहावयाचे आहे ते त्या दोघांच्या चालण्याकडे. नवराबायको एकमेकांकडे बघत नाहीत, बोलत नाहीत. पण दोघांची पावले एका लयीत पडतात, कारण कावडीचा झोक ज्या तालावर चालतो त्याच तालावर शेजारणीला चालावे लागते. उसाच्या फडाकडे निघालेल्या बैलगाड्यांबरोबर चालणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास मी पुष्कळ वेळा पाहिली आहेत आणि त्यांचे चालणे असेच असते. प्रेम म्हणून कवी ज्याचे वर्णन करतात त्यातले या चालीत काही दिसत नाही; तरी या दोघांना कोणी वेगळे करून दाखवावे. आणि ही माणसे ठेवली आहेत कुठे? बुटक्या ओट्यावर, उघड्यावर, झाडांच्या सावलीत, ज्यांच्यावरून ती घडवली ते संथाळ ज्या वाटेने कामाला जात त्या परिसरात. पुढे १९५६ साली त्यांनी केलेल्या 'गिरणीचा भोंगा' या शिल्पात दोन बायका आणि एक मूल कामाच्या दिशेने धावत सुटली आहेत, ओली लुगडी वाऱ्यावर वाळत आहेत. या बायकांच्या पायांना धूळ आहे.

याच रामकिंकरांना दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेने यक्ष आणि यक्षी घडवण्याचे काम दिले. दोघे आज दरवाज्याच्या दोन बाजूंना उभे आहेत, मधून मोटारी जातात. कार्ल्याच्या दारात गृहस्थ सपत्नीक उभा होता. सरकारी कचेरीच्या दारात त्या दोघांची फारकत झाली. ही थट्टा आहे, पण पुरती थट्टा नाही. मद्रासच्या किनाऱ्यावर धोंडा हलवणारे चार मजूर, दिल्लीत गांधींच्या मागोमाग निघालेली माणसे, ही रायचौधुरींची कामे मला मोठी वाटतात, आणि स्नेह्याने त्यांच्यावर लिहिलेले प्रकरण मन लावून वाचण्यासारखे आहे. तरी त्या चार मजुरांकडे पाहताना त्यांचे स्नायू लक्षात राहतात आणि ते एकमेकांचे कोण हे कळत नाही.

छायाचित्रांविषयी एक तक्रार करून थांबतो. आतली छायाचित्रे उत्तम आहेत. कार्ल्याचे एक तर दुपारच्या तिरप्या उन्हात घेतल्यामुळे खांद्यावरच्या हाताची बोटे मोजता येतात. मुखपृष्ठावर मात्र 'संथाळ कुटुंब' घातले असून, नाव मोठ्या टाइपात बसावे म्हणून छापखान्याने चित्राची खालची बाजू छाटली आहे, आणि त्यात कुत्रा गेला आहे. मी स्नेह्याला पत्र लिहून हे कळवले तेव्हा, फर्मे छापून झाले, आता उपाय नाही असे त्याचे उत्तर आले. तेव्हा वाचकांनी मुखपृष्ठ मिटून ठेवून आतल्या छायाचित्रापासून आरंभ करावा. तिथे तो बिऱ्हाडाबरोबर चालतो आहे.